आजींनी घागर आपटली आणि मी सगळ्यांसमोर रडले

"मावशी, मी 34 वर्षांची, बीड जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच. लोकसंख्या 1,800. मार्चपासून टँकर चालू आहे, तीन खेपा मंजूर, येतात दोन. पहाटे पाचपासून फोन, आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे लिहितात ते सांगवत नाही. परवा ग्रामसभेत एका आजींनी रिकामी घागर माझ्या पायाशी आपटली आणि मला रडूच आलं. नवरा म्हणतो राजीनामा दे, तुझ्यात दम नाही. खंबीर कसं व्हायचं?"

अगं, आधी सांग, जेवतेस का वेळेवर? पत्रात सगळ्या गावाच्या घशाची काळजी आहे, तुझ्या जेवणाचं एक अक्षर नाही.

रडलीस ते मनाला लावून घेऊ नकोस. मी 2013 च्या दुष्काळात सरपंच होते, मी रडले नव्हते, पण त्याहून वाईट करून बसले. लोक अंगावर आले तशी घाबरून बोलून गेले की उद्या दोन टँकर उभे करते, नाही केले तर नाव सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी एकही आला नाही, टायर फुटलं का डिझेल संपलं ते आजवर कळलं नाही. पाण्याचे हाल लोक विसरले गं, पण तो 'उद्या' मी पुढची दोन वर्षं ऐकला, दळण घेऊन गिरणीत गेले तरी. तेव्हापासून एक पथ्य, जे आपल्या हातात नाही त्याची तारीख द्यायची नाही. आज बीडीओ साहेबांना भेटले, ते असं म्हणाले, एवढंच सांगायचं, लोक चिडतील पण खोटारडी म्हणणार नाहीत.

आता कागद पेन घे. टँकरचं सरकारी माप खेड्यात माणशी दिवसाला 20 लिटर. तुझ्या गावाला 36,000 लिटर लागतं, म्हणजे 12,000 च्या टँकरच्या तीन खेपा. दोनच आल्या की 24,000, माणशी 13 लिटर, एक हंडा धर, त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, पोरांचं सगळं. गावाचं भांडण त्या न आलेल्या तिसऱ्या खेपेशी आहे, पण खेप कुणाला दिसत नाही, तू दिसतेस. मग ती दिसायला लाव ना! पंचायतीच्या भिंतीवर रोज खडूने लिही, मंजूर किती, आल्या किती, किती वाजता, किती लिटर. टँकरवाला लॉगबुक पुढे करतो, घाईत दोन दिवसांच्या सह्या एकदम मागतो, तिथे अजिबात भिडेखातर सही करायची नाही, टँकर पूर्ण रिकामा झाला की मग सही, आणि सोबत रांगेतल्या एखाद्या बाईची पण घे. त्याच ग्रुपवर रोज भिंतीचा फोटो टाक, बाकी कुणालाच उत्तर देत बसू नकोस. पंधरा दिवसांचा तक्ता झाला की तो घेऊन तहसीलला जा, टँकरच्या जीपीएसची नोंद माग, आणि खेपा ठरवताना लोकसंख्या कोणत्या सालची धरलीय ते पण विचार, 2011 च्या जनगणनेची धरली असेल तर तिथेही मार बसतोय. आणि गावात कुणाच्या विहिरीला अजून पाणी असेल तर ती गावासाठी ताब्यात घ्यायचा, म्हणजे अधिग्रहणाचा प्रस्ताव लगेच दे, त्यात भावकी आडवी येईल, येऊ दे.

हिवरे बाजारचं नाव निघालं की लोक पोपटराव पवारांचा सत्कार आठवतात, मला मात्र तिथली ग्रामसभा आठवते, पाऊस मोजून गावासमोर पाण्याचा हिशोब मांडतात आणि कमी पडला तर पिकं कोणती घ्यायची ते सगळे मिळून ठरवतात. वाईटपणा एकट्या सरपंचाच्या डोक्यावर राहत नाही. तुझ्याकडे पण पाणीपुरवठा समिती असेलच, कागदावर, बायकांची नावं घालून! त्यांना बोलव. एका बाईकडे लॉगबुक, एकीकडे रांगेचे नंबर, एकीकडे सकाळचे फोन. रात्री नऊ ते सहा तुझा फोन बंद, आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल तर समितीतली बाई दार वाजवेल. पहिले चार दिवस बोंबाबोंब होईल, मग सवय लागते.

नवऱ्याबद्दल स्पष्टच विचारते, राग नको मानू. दम नाही म्हणतो तो काळजीने म्हणतो, का त्याला स्वतः खुर्चीत बसून 'मी बघतो' म्हणायचंय? दोन्ही असू शकतं. काळजी असेल तर त्याला सांग, तू फक्त रात्रीचा स्वयंपाक बघ, भाकरी नाही जमत तर खिचडी टाक, मला तेवढा आधार पुष्कळ आहे. त्यावर काय म्हणतो त्यावरून कळेलच.

आणि राजीनाम्याचं मे महिन्यात ठरवायचं नाही. झोप नाही, ऊन असलं, त्यात घेतलेला कुठलाच निर्णय आपला नसतो. मिरगाचा पाऊस पडू दे, चार रात्री नीट झोप, तरी नको वाटलं तर खुशाल सोड, त्यात कमीपणा काही नाही.

त्या आजींकडे एकदा जाऊन ये. तक्ता नको, समितीतली बाई पण नको, एकटीच जा. त्यांना पण त्या दिवसाचं वाईट वाटत असणार. चहा टाकतील, नको म्हणू नकोस. अर्धाच कप घे.

तुझी मावशी