अल्पसंख्याक मतदार एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे का वळतात?

वर्षानुवर्षं एकाच पक्षाला मत देणारा अल्पसंख्याक समाज एखाद्या निवडणुकीत एकदम दुसरीकडे कसा वळतो, आणि हे धर्मगुरू किंवा पुढारी सांगतात म्हणून होतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बहुतेक वेळा नाही. पुढाऱ्याचं आवाहन सहसा मतदार हलू लागल्यावर येतं. वारं कुठं वाहतंय हे त्याला आधी कळतं, मग तो त्या दिशेला हात दाखवतो. वाऱ्याच्या विरुद्ध आवाहन केलं तर ते वाया जातं.

आता मूळ प्रश्न. मतदार हलण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. जुन्या पक्षावरचा विश्वास उडाला पाहिजे आणि दुसरा पक्ष जिंकू शकतो असं दिसलं पाहिजे. विश्वास उडाला पण पर्याय नाही, तर मतदार घरी बसतो. पर्याय आहे पण विश्वास शाबूत, तर तो जागचा हलत नाही. निकालानंतरच्या चर्चेत फक्त रागाची कारणं मोजली जातात. पर्याय नेमका कधी उभा राहिला हे कुणी तपासत नाही, म्हणून बदल अचानक झाल्यासारखा वाटतो.

हे पश्चिम बंगालमध्ये टप्प्याटप्प्यानं पाहता येतं. डावी आघाडी तिथं १९७७ पासून सत्तेत होती. मुस्लिम मतदार तिच्याबरोबर राहिले त्याला दोन मोठी कारणं होती: दंगलींच्या बाबतीत तुलनेनं शांतता, आणि बर्गादारांना, म्हणजे बटाईनं जमीन कसणाऱ्यांना, मिळालेलं संरक्षण. २००६च्या विधानसभा निवडणुकीत आघाडीनं २९४ पैकी २३५ जागा जिंकल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल आला. राज्याच्या लोकसंख्येत मुस्लिम २५.२ टक्के आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत २.१ टक्के, हा आकडा घरोघरी पोहोचला. पाठोपाठ नंदीग्राममध्ये जमीन संपादनाचा वाद पेटला आणि १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १४ जण मेले. ज्या जमिनीच्या आधारावर विश्वास उभा होता, त्याच जमिनीवर घाला आला होता.

तरीही मतदारांना जायला जागा नव्हती. तृणमूल काँग्रेस २००४ची लोकसभा निवडणूक भाजपबरोबर लढली होती आणि तिची एकच जागा आली होती. आधी तिला त्या मैत्रीपासून दूर व्हावं लागलं. मग मे २००८च्या पंचायत निवडणुकीत तिनं पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण २४ परगणा या दोन जिल्हा परिषदा घेतल्या. माझ्या मते खरा कलाटणीचा क्षण हाच. डावे हरू शकतात याचा पुरावा तेव्हा मिळाला. २००९मध्ये तृणमूलला लोकसभेच्या १९ जागा मिळाल्या आणि २०११मध्ये डावी आघाडी ६२ जागांवर आली. राग २००६-०७चा, पुरावा २००८चा, आणि वर्तमानपत्रांत मोठा मथळा मात्र २०११चा.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मतदारांची वाट याहून लांब होती. गुलामगिरी संपवणारा लिंकनचा पक्ष म्हणून ते रिपब्लिकन होते. १९३२मध्ये मंदीनं कंबरडं मोडलेलं असतानाही त्यांच्यातल्या बहुतेकांनी रिपब्लिकन हूवरलाच मत दिलं. चार वर्षांनी सुमारे ७१ टक्के डेमोक्रॅट रूझवेल्टकडे गेले. मधे काय घडलं? सरकारी रोजगाराची कामं उत्तरेकडच्या शहरांत पोहोचली. दक्षिणेत मतदान कर आणि साक्षरता चाचण्यांनी त्यांचा हक्क अडवलेला होता, त्यामुळं मत मोजलं जायचं ते उत्तरेतल्यांचंच. १९३४मध्ये शिकागोतून आर्थर मिचेल निवडून आले, ते अमेरिकी संसदेतले पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट. इथंही मोठ्या बदलाआधी स्थानिक पुरावा दिसतो.

पण हे स्थलांतर अर्धंच होतं. रूझवेल्टच्या १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट वर्णभेदाचे पहारेकरी होते. म्हणून रिपब्लिकनांपैकी १९५६मध्ये आयझेनहॉवरला त्यांची सुमारे ३९ टक्के आणि १९६०मध्ये निक्सनला सुमारे ३२ टक्के मतं मिळाली. १९६४मध्ये रिपब्लिकन उमेदवाराचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास घसरला. गंमत अशी की त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याला सिनेटमध्ये ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला होता. डेमोक्रॅट ६७ पैकी ४६. प्रमाणात पाहिलं तर रिपब्लिकन पुढं होते. पण त्यांचा अध्यक्षपदाचा उमेदवार, गोल्डवॉटर, विरोधात उभा राहिला होता. मतदारानं हिशेबवही पाहिली नाही, पक्ष कुठल्या दिशेला चाललाय ते पाहिलं. आणि त्याचा अंदाज बरोबर ठरला.

मतदार कशाला आधी तोलतो, याचा एक ढोबळ क्रम मला दिसतो: आधी जीव, मग मान, मग पोट. जिवाची भीती मोठी असेल तर बाकी सगळं मागं पडतं आणि समाज एकवटतो. भीती ओसरली की त्याच समाजातले फरक वर येतात: गरीब आणि सुखवस्तू, दोन पंथ, दोन भाषा, आजोबा आणि नातू. म्हणून एकगठ्ठा मतदान हे मला समाजाच्या स्वभावाचं नव्हे, धोक्याचं मोजमाप वाटतं. ‘मतपेढी’ हा शब्द मला खटकतो तो यासाठीच. घाबरून एकत्र आलेल्या माणसांना तो विकली गेलेली माणसं ठरवतो.

याचा पुरावा पुन्हा बंगालमध्येच मिळतो. २०२१मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची आणि नागरिक नोंदणीची धास्ती होती. मालदा आणि मुर्शिदाबाद हे काँग्रेसचे जुने गड, पण तिथला मुस्लिम मतदार तृणमूलकडे गेला आणि राज्यात काँग्रेस आणि डाव्यांना एकही जागा मिळाली नाही. मुर्शिदाबादमधली सागरदिघीची जागा तृणमूलनं ५० हजारांहून जास्त मतांनी घेतली. त्याच जागेच्या पोटनिवडणुकीचा निकाल मार्च २०२३मध्ये लागला, आणि डाव्यांच्या पाठिंब्यावर लढलेला काँग्रेसचा उमेदवार सुमारे २३ हजारांनी जिंकला. मतदार तेच होते. फरक एवढाच की पोटनिवडणुकीनं सरकार बदलणार नव्हतं, म्हणून नाराजी दाखवणं परवडत होतं.

ब्रिटनमध्ये जुलै २०२४ला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. गाझा युद्धावरच्या मजूर पक्षाच्या भूमिकेवर मुस्लिम मतदार चिडले होते. लेस्टर साउथ, ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम पेरी बार, ड्यूसबरी अँड बॅटली या चार जागी त्या पक्षाला अपक्षांनी हरवलं. देशभर मात्र मजूर पक्षाचा विजय महिनोन्‌महिने ठरल्यासारखा दिसत होता. आपल्या मतानं हुजूर पक्ष परत येईल ही भीती नसल्यामुळं शिक्षा करायला हात मोकळा होता. शेजारच्या लेस्टर ईस्टमध्ये आणखी वेगळंच झालं. तिथं हिंदू गुजराती मतदार मोठ्या संख्येनं आहेत. मजूर पक्षाचे दोन माजी खासदार त्याच पक्षाविरुद्ध उभे राहिले, मतं फुटली, आणि हुजूर पक्षानं ती जागा जिंकली. त्या निवडणुकीत मजूर पक्षाकडून त्यांनी हिसकावलेली ती एकमेव जागा. पक्षांच्या कागदावर ‘दक्षिण आशियाई मतदार’ असा एकच रकाना असतो. लागून असलेल्या दोन मतदारसंघांनी तो एका रात्रीत खोटा ठरवला.

अमेरिकेत मिशिगनमधल्या डिअरबॉर्नमध्ये अरब मूळ असलेल्यांची वस्ती दाट आहे. २०२०मध्ये तिथं बायडेनना सुमारे ६९ टक्के मतं होती. २०२४मध्ये हॅरिसना सुमारे ३६, ट्रम्पना ४२ आणि तिसऱ्या पक्षाच्या जिल स्टाइनना १८. गाझा या एकाच कारणावरचा राग तीन वाटांनी गेला, शिवाय काही जण मतदानालाच गेले नाहीत. टेक्सासमधल्या स्टार काउंटीत जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक. तिथं २०२४मध्ये रिपब्लिकन उमेदवार १८९२ नंतर पहिल्यांदाच पुढं राहिला. तिथं रागापेक्षा महागाई, रोजगार आणि सीमेवरची स्थिती बोलली. आपण आधी कामगार, आधी गृहस्थ, मग अल्पसंख्याक असं ज्याला वाटू लागतं, त्याचं मत इतरांसारखंच हलतं.

मानाचा मुद्दा पक्षांना सगळ्यात कमी कळतो. कॅनडात हार्परच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षानं स्थलांतरित समाजांत वर्षानुवर्षं काम केलं: समाजातले उमेदवार, सणासमारंभांना हजेरी, त्यांच्या भाषेतल्या वृत्तपत्रांशी संपर्क, आणि २००६मध्ये चिनी स्थलांतरितांवर लादलेल्या जुन्या डोईपट्टीबद्दल संसदेत माफी. २०११मध्ये टोरांटोच्या उपनगरांतल्या जागांनी त्यांना बहुमत गाठायला मदत केली. २०१५च्या प्रचारात मात्र नागरिकत्वाच्या शपथविधीत नकाब चालणार नाही यावर भर आला आणि ‘रानटी सांस्कृतिक प्रथां’ची खबर देण्यासाठी फोन क्रमांकाची घोषणा झाली. ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा या त्याच उपनगरांतल्या सगळ्या जागा लिबरल पक्षाकडे गेल्या. नकाबशी काहीही संबंध नसलेल्या समाजांनीही त्यातून एक गोष्ट ऐकली: उद्या आपली पाळी. कमावायला दहा वर्षं लागली, गमवायला एक प्रचारमोहीम पुरली.

मतदारसंघाची रचनाही पाहावी लागते. अल्पसंख्याक दहा टक्क्यांच्या आसपास आणि विखुरलेले असतील तर दोन मोठ्या पक्षांतल्या एकाची निवड करण्यापलीकडे त्यांच्या हातात फारसं काही नसतं. २५ ते ३५ टक्के असतील तर मत फुटण्याचा तोटा सगळ्यात मोठा, म्हणून डावपेचाचं मतदान तिथंच जास्त. निम्म्याहून अधिक असतील तर बाहेरच्याच्या विजयाची भीती उरत नाही आणि आपापसातली स्पर्धा उघड होते. प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, असेल तर पर्यायाची अट जवळजवळ गळूनच पडते. नेदरलँड्सच्या कनिष्ठ सभागृहात १५० जागा आहेत, म्हणजे एका जागेला सुमारे ०.६७ टक्के मतं पुरतात. २०१४मध्ये तिथल्या मजूर पक्षातून बाहेर पडलेल्या तुर्की वंशाच्या दोन खासदारांनी डेंक हा पक्ष काढला आणि २०१७मध्ये त्याला तीन जागा मिळाल्या. जिथं सगळ्यात जास्त मतं मिळवणारा एकच निवडून येतो, तिथं तेवढ्या मतांवर अनामतही वाचली नसती.

आता मोजमाप, कारण बहुतेक दावे इथंच कोसळतात. समजा एका भागात अल्पसंख्याक मतदार १ लाख. पहिल्या वेळी मतदान ७० टक्के. जुन्या पक्षाला ५६ हजार, नव्याला १४ हजार, म्हणजे ८० आणि २० टक्के. पुढच्या वेळी जुन्या पक्षाचे १० हजार मतदार घरी बसले आणि बाकी काहीच बदललं नाही. आता ४६ हजार आणि १४ हजार, म्हणजे नव्या पक्षाचा वाटा २३.३ टक्के. एकही नवं मत न मिळवता त्याची ‘वाढ’ तीन टक्क्यांहून जास्त दिसते. म्हणून वाटा पाहण्याआधी एकूण मतदान पाहा. उमेदवारासाठी फरक असा की घरी बसलेला मतदार मताधिक्यातून एक मत कमी करतो, विरोधकाकडे गेलेला दोन.

सर्वेक्षणांचं तसंच. हजार जणांच्या पाहणीत अल्पसंख्याक १२ टक्के असतील तर ते फक्त १२० जण. एवढ्या नमुन्यात चुकीची मर्यादा वरखाली ९ टक्के असते आणि दोन पाहण्यांची तुलना केली तर १२-१३ टक्के. त्यामुळं ‘पाच टक्के मतदार सरकले’ असा मथळा अशा पाहणीवर बेतलेला असेल तर तो सोडून द्या. खरं पाहायचं असेल तर मतदान केंद्रनिहाय आकडे घ्या. भारतात ते फॉर्म २० मध्ये मिळतात. ज्या केंद्रांवर त्या समाजाची वस्ती जवळजवळ पूर्ण आहे अशी केंद्रं निवडा, दोन्ही निवडणुकांत त्यांची हद्द तीच होती का ते मतदार यादीच्या भागांवरून पडताळा, मग मतदानाचा आकडा आणि प्रत्येक पक्षाची प्रत्यक्ष मतं शेजारी शेजारी मांडा. एक धोका इथंही आहे: दाट वस्तीत राहणारे लोक आणि मिश्र वस्तीत राहणारे त्याच समाजाचे लोक सारखं मत देतातच असं नाही. मिश्र वस्तीतल्या सुखवस्तू कुटुंबांबद्दल ही केंद्रं काहीच सांगत नाहीत.

पुढच्या वेळी बदल येतोय का हे ओळखायचं असेल तर मोठ्या निवडणुकीची वाट पाहू नका. आधीच्या स्थानिक निवडणुका आणि पोटनिवडणुका तपासा. जुन्या पक्षाचं मतदान त्या समाजाच्या केंद्रांवर सलग दोनदा घटलं असेल आणि जवळपास कुठंतरी दुसऱ्या पक्षानं एखादी नगरपालिका किंवा जिल्हा परिषद जिंकली असेल, तर दोन्ही अटी पूर्ण होत आल्या आहेत.