पोर्तुगीजमध्ये देशाच्या नावावरून नागरिकाचं आणि भाषेचं नाव कसं बनतं? एकच प्रत्यय आहे का?

नाही, एकच प्रत्यय नाही, पण ‘-एश’ आणि ‘-आनू’ हे दोन पाठ केलेत की बरंचसं काम भागतं. पुर्तुगेश, फ्रांसेश, जापोनेश, गोएश (गोंयकार) हे पहिल्या गटातले. इतालियानू, इंदियानू, आंगोलानू दुसऱ्यातले. स्त्रीलिंगी रूप पुर्तुगेझा, इंदियाना असं होतं. भाषेचं नाव हवं असेल तर पुल्लिंगी एकवचन जसंच्या तसं वापरायचं: ‘पुर्तुगेश’ म्हणजे पोर्तुगीज पुरुषही आणि पोर्तुगीज भाषाही. मात्र प्रत्येक नागरिकवाचक शब्दाला स्वतःची भाषा असतेच असं नाही. ब्राझिलेइरू पुर्तुगेश बोलतो, आणि गोएशची भाषा कोंकानी.

मला सगळ्यात आवडतो तो हा ‘ब्राझिलेइरू’. ‘-एइरू’ हा खरं तर धंदा सांगणारा प्रत्यय: पेद्रेइरू म्हणजे गवंडी, पादेइरू म्हणजे पाववाला. गोव्यातला पोदेर याच पादेइरूवरून आला. ब्राझील-लाकडाचा व्यापार करणारा तो ब्राझिलेइरू, आणि तोच शब्द पुढे साऱ्या देशाला चिकटला. आलेमांव (जर्मन) आणि एश्पान्योल (स्पॅनिश) मात्र सरळ पाठच करा.

एक लक्षात ठेवा: पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये काही शब्द वेगळे आहेत. कॅनडाच्या माणसाला लिस्बनमध्ये कानादियानू म्हणतात, तर ब्राझीलमध्ये कानादेन्सी. आणि हे ‘-एन्सी’वालं रूप स्त्री-पुरुष दोघांनाही तेच राहतं. उच्चार मी कानादेन्सी सोडून बाकी साधारणपणे पोर्तुगालच्या धाटणीचे दिले आहेत.