व्यवसायात यश नशिबाने मिळतं की कौशल्याने?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही आणि तुमच्या मित्राने एकाच वर्षी कपड्यांचं दुकान टाकलं. त्याचं चाललं, तुमचं दोन वर्षांत बंद पडलं, आणि आता घरचे म्हणतात तुला धंद्याची अक्कल नाही. कपड्यातलं मला काही कळत नाही. मी निफाड तालुक्यात कांदा करतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, साठवून विकतो. पण नशीब आणि अक्कल आमच्याकडे जितकी उघडी दिसतात तितकी दुसऱ्या धंद्यात क्वचितच दिसत असतील, म्हणून लिहितोय.

२०१८ साली मी उन्हाळ कांदा, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा टिकाऊ कांदा, नोव्हेंबरपर्यंत धरून ठेवला. भाव वाढेल अशी आशा. वाढला नाही. सगळ्यांच्याच चाळीत जुना माल पडून होता, त्यात नवा लाल कांदा उतरला, आणि लासलगावच्या बाजारात माझा ट्रॅक्टरभर माल दीडशे रुपये क्विंटलने गेला. किलोला दीड रुपया. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले होते, तुम्ही पेपरात वाचलं असेल. गावात मला ऐकावं लागलं, लोभ नडला.

२०१९ ला पुन्हा नोव्हेंबरपर्यंत धरला. खरं सांगायचं तर धरला नाही, राहिला. ऑगस्टमध्ये तेराशेच्या आसपास भाव होता आणि मी विकायला निघालो होतो, तर ट्रॉलीचा ॲक्सल मोडला. मग गणपती आले. तोवर भाव हलायला लागला. २९ सप्टेंबरला निर्यातबंदी आली तेव्हा घाबरून निम्मा माल काढूनही टाकला. मग परतीच्या पावसाने नवीन कांद्याची वाट लावली, आणि उरलेला निम्मा ५२०० ने गेला. आता तेच लोक म्हणायला लागले, याला बाजाराची नाडी कळते. शेजारच्या गावातून फोन यायचे, दादा, काय वाटतं, काढू का ठेवू? मीही सांगायचो, अगदी आत्मविश्वासाने. ॲक्सलबद्दल मी कुणाला काही बोललो नाही.

चाळ तीच, महिना तोच, माणूस तोच. एका वर्षी मूर्ख, दुसऱ्या वर्षी हुशार. म्हणजे सगळं नशीबच का? मलाही तसंच वाटायचं. पण आमचे चुलते, नाना, त्यांची चाळ माझ्या चाळीला लागूनच आहे.

दोघांच्या चाळीत मे महिन्यात अडीचशे-अडीचशे क्विंटल भरला जातो. हंगामात सगळा मिळून माझ्याकडून चांगला माल निघायचा साधारण एकशे पंचावन्न, नानांकडून एकशे पंचाण्णव. दोन्ही वर्षी थोड्याफार फरकाने हेच. बाकीचा सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं. ज्यांनी ऑक्टोबरात चाळ उघडली नाही त्यांना कसं सांगू, आधी नाकाला कळतं. मग ढिगाखालून काळसर पाणी झिरपताना दिसतं. निवडायला बसलेल्या बायकांची बोटं काजळीने काळी होतात आणि वरून चांगला दिसणारा कांदा हातात घेतला की आत अंगठा जातो.

नानांचं कमी का सडतं, हे मी बरीच वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. काढणीच्या पंधरा दिवस आधी ते पाणी तोडतात. मी वजन मिळेल म्हणून एक पाणी जास्त द्यायचो. लागवडीला दोन महिने झाले की युरियाची गोणी हलवत नाहीत. कांदा पातीसकट शेतात सुकू देतात, मग पात कापताना बोटाच्या पेराएवढी मान ठेवतात. माझे मजूर उक्त्यात, म्हणजे ठेक्याने, असायचे, ते बुडापासून उडवायचे, आणि कांद्याच्या त्या उघड्या तोंडातूनच सड आत शिरते. ढीग चार-साडेचार फुटांच्या वर जाऊ देत नाहीत. यात गुपित काहीच नाही, पण हे सगळं दर वर्षी करायचं म्हणजे कंटाळवाणं काम आहे.

आता चाळीस क्विंटलच्या या फरकाचे पैसे करा. २०१८ च्या भावाने सहा हजार रुपये. तेवढ्यासाठी कोण एवढा जाच करून घेईल? २०१९ च्या भावाने दोन लाख आठ हजार. नानांचं कौशल्य दोन्ही वर्षी तेवढंच होतं, त्याची किंमत मात्र नशिबाने ठरवली. म्हणून नशीब इतके टक्के आणि कौशल्य इतके टक्के, असली वाटणी मला पटत नाही. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही मोठी असो, हाती काही राहत नाही.

हे मला २०२० ने शिकवलं. नाडी कळते ना मला, मग मी व्याजाने पैसे उचलून दुसऱ्यांचा चारशे क्विंटल कांदा विकत घेऊन भरला. कुणी किती युरिया मारला, शेवटचं पाणी कधी दिलं, मला काय माहीत. पाऊस भरपूर झाला. १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली, तरी ऑक्टोबरात भाव चांगला चढला. माझा अंदाज बरोबरच होता हो! फक्त विकायला माल नव्हता, अर्ध्याहून जास्त कांदा उकिरड्यावर गेला होता. त्या वर्षीचं व्याज फेडायला मला दोन हंगाम लागले.

नाना तेव्हाही वाचले, आणि भावाचा अंदाज त्यांना माझ्याइतकाच येतो, म्हणजे येत नाही. ते चाळ तीन वेळा फोडतात: थोडी जूनअखेर, थोडी पोळ्याच्या सुमारास, उरलेली दिवाळीच्या तोंडावर. भाव काहीही असो. २०१९ ला त्यामुळे त्यांचे बरेच पैसे हुकले. २०१८ ला त्यामुळेच ते निभावले. सगळ्यात वरचा भाव त्यांना पूर्ण चाळीला कधीच मिळालेला नाही, आणि कर्जही नाही. हेही कौशल्यच धरायचं, पण लग्नाच्या पंगतीत यावर कुणी बोलत नाही. तिथे ५२०० वाल्याचीच चर्चा असते.

काही गोष्टींपुढे तर नानांचंही चालत नाही. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीचा आदेश निघाला तेव्हा शेतात लाल कांदा काढून पडलेला. लाल टिकत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत विकावाच लागतो. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पाडले, पुढे भाव निम्म्यावर आले. त्यात कुणाची काय चूक होती?

तर तुमच्या दुकानाबद्दल. मित्राशी तुलना करताना गल्ला बघू नका, तो भाव झाला. घट बघा. वर्षाअखेर न खपलेला माल किती राहायचा, उधारी किती अडकली होती, भाडं आणि हप्ता भरून वाईट महिने किती काढता आले असते. हे आकडे दोघांचे सारखे असतील तर घरच्यांना खुशाल सांगा की त्याच्या रस्त्याला गर्दी वळली आणि तुमच्या नाही. तुमचे त्याच्यापेक्षा वाईट असतील, तर तेही तुम्हाला आतून माहीत असेलच, मला माझं ते जास्तीचं पाणी माहीत होतं तसं. जमलं तर उधारीचा आकडा खाली लिहा, मग पुढचं बोलता येईल.