वाचक विचारतात: तानपुऱ्यात ‘सा’ कुठे लपला?

प्रश्न : तानपुऱ्याची जोडाची तार (‘सा’ला लावतात त्या मधल्या दोन तारांपैकी एक) काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला, लावून मोबाइलवर रेकॉर्ड केली. संगणकावर एफएफटी (आवाजात कोणत्या कंप्रता किती जोरात आहेत ते दाखवणारं गणित) काढल्यावर सर्वांत उंच शिखर ४१५ हर्ट्झजवळ आलं. हा तर पंचम! तार चुकीची लागली का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तार बरोबर आहे. त्या सप्तकातल्या काळी एकची मूळ कंप्रता १३८.६ हर्ट्झ, तिची तिप्पट ४१५.८, म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. जवारीमुळे (घोडीवर तार हलकेच घासत राहण्याच्या रचनेमुळे) वरचे स्वरांश, म्हणजे मूळ कंप्रतेच्या पटीतले स्वर, ठळक होतात, शिवाय मोबाइलचा माइक खालचे स्वर दबकेच पकडतो. म्हणून उंची पाहू नका, शिखरांमधलं अंतर पाहा : २७७, ४१६, ५५४... दर वेळी साधारण १३८.६. तोच तुमचा सा.

रेकॉर्डिंगचे ४४,१०० नमुने प्रतिसेकंद असताना एफएफटीसाठी ४०९६ नमुने घेतले, तर आलेखावरच्या दोन खुणांतलं अंतर १०.८ हर्ट्झ पडतं. इथे अर्धा स्वरच ८ हर्ट्झचा, मग अचूकता कुठून येणार? १६,३८४ घ्या, अंतर २.७ वर येतं. आधी हॅन विंडो (तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणं) लावा आणि छेडल्यानंतरचे पहिले ०.२ सेकंद सोडा. तिथे बोटाचा आवाज असतो.

पडताळणीसाठी ऑटोकोरिलेशन (ध्वनी थोडा थोडा सरकवून स्वतःशीच जुळवून पाहणं) उत्तम. पहिलं मोठं शिखर ३१८ नमुन्यांवर (४४,१०० भागिले १३८.६) हवं. ६३६ वरचं धरलंत, तर स्वर एक सप्तक खाली दिसेल. ही चूक फार होते.

आणि हो, रेकॉर्डिंगपुरता कूलर बंद ठेवा. उन्हाळ्यात जिवावर येतं खरं, पण त्याची ५० आणि १०० हर्ट्झची घरघर आलेखात हमखास घुसते.