पांढरे ठिपके गेले होते, आठवड्याने दुप्पट आले: गोल्डफिशला आता काय करू?

तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात हकीकत अशी: पुण्यात, डिसेंबरात, दोन फूट बाय एक बाय एकची नवी टाकी. तीन आठवड्यांपूर्वी चार गोल्डफिश आणले. दहा दिवस छान गेले, मग एक मासा तळाशी बसून राहू लागला, शेपटीवर मिठासारखे ठिपके दिसले. दुकानदाराने निळं औषध दिलं. तुम्ही सगळं पाणी बदललंत, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतलात. तीन दिवसांत ठिपके गेले, आठवड्याने दुप्पट होऊन परत आले, आणि काल एक मासा गेला. मुलगी विचारते, बाबा, दुसरा कधी आणायचा?

मी डॉक्टर नाही. वीसेक वर्षं मासे पाळतोय आणि तुम्ही केलंत ते सगळं, त्याच क्रमाने, मीही केलेलं आहे. त्यामुळे दोष देत नाही. पण माझ्या मते तुमच्या टाकीत दोन आजार आहेत, आणि औषध त्यातल्या एकालाच दिलं गेलंय, तेही अर्धवट.

आधी दुसऱ्याबद्दल, म्हणजे अमोनियाच्या विषबाधेबद्दल, कारण तो आजार दिसत नाही. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. जुन्या टाकीत स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं, तिसरं बरंच सौम्य. हा थर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमची टाकी तीन आठवड्यांची, म्हणजे थर जेमतेम धरत होता, आणि नेमका तेव्हाच तो नळाच्या क्लोरीनने धुऊन निघाला. जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर असतात, म्हणून स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत दोनदा पिळायचा, बस. तो थोडा कळकट दिसतो. दिसू द्या.

तळाशी बसणं, पर अंगाला चिकटवून ठेवणं, वर येऊन धापा टाकणं, कल्ले लालभडक दिसणं, ही लक्षणं अमोनियाची असू शकतात आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचीही. डोळ्यांनी फरक कळत नाही. त्यासाठी थेंबांचं अमोनिया टेस्ट किट लागतं. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं घ्या. बहुतेक किटमध्ये पाणी पिवळं राहिलं की शून्य, हिरवट झालं की अमोनिया आहे. जितकं गर्द, तितकं वाईट. माझा अंदाज, तुमचं पाणी चांगलंच हिरवं होईल.

आता ठिपके. इथे एक गंमत सांगतो. माझ्याकडे एक गोल्डफिश होता, दीड वर्षाचा. एका सकाळी त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या काठावर बारीक पांढरे दाणे दिसले. मी लगेच त्याला निळ्या पाण्याच्या बादलीत आठ दिवस कोंडला. दाणे हलेनात. शेवटी एका जुन्या पाळणाऱ्याने बादलीत डोकावून विचारलं, "अहो, नवरदेवाला का डांबून ठेवलंय?" वयात आलेल्या नर गोल्डफिशला विणीच्या काळात असे दाणे येतात, तेही फक्त झाकणांवर आणि पुढच्या परांवर, ओळीत बसवल्यासारखे. मासा खातो-पितो, बागडतो. तुमचे मासे लहान आहेत, ठिपके शेपटीवर आहेत आणि मासा मलूल आहे, म्हणजे हा प्रकार नाही. पण एकदा भिंग घेऊन बघून घ्या.

अंगभर रवा भुरभुरल्यासारखे सुटे, गोल, सारख्या आकाराचे ठिपके आणि मासा खडीवर अंग घासतोय, तर तो 'इक', म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तो एका परजीवीमुळे होतो, आणि ठिपके परत का आले हे त्याच्या जीवनक्रमात दडलंय. ठिपक्याच्या आत, माशाच्या कातडीखाली, तो जीव बसलेला असतो. तिथे त्याला कुठलंही औषध लागू पडत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, कवच करून घेतो आणि आतल्या आत फुटत जातो. एकाचे शेकडो होतात. कवचातही औषध पोचत नाही. मग ते शेकडो पिल्लू जीव पोहत बाहेर पडतात आणि साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध मारतं ते फक्त याच टप्प्यावर.

म्हणजे तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले तेव्हा रोग गेला नव्हता, तो खडीत उतरला होता. तुम्ही औषध थांबवलंत आणि नवी फौज बाहेर पडली. थंड पाण्यात हे चक्र दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त रेंगाळतं, 27-28 अंशांना आठवड्याच्या आत उरकतं. म्हणून पाणी गरम करायचं. उष्णतेने तो जीव मरतो म्हणून नव्हे, तर तो लवकर उघड्यावर येतो म्हणून. (30 अंशांच्या पुढे तो स्वतःही बेजार होतो, पण गोल्डफिशला तिथवर नेऊ नका. तो थंड पाण्याचा मासा.)

गरम करण्याआधी एक तपासणी मात्र नक्की. तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसाचा पुंजका, राखाडी डाग, चिघळलेल्या कडा दिसतायत का? तसं असेल तर तो बहुधा कोलम्नॅरिस, जिवाणूंचा रोग, आणि तो उबेत भडकतो. तिथे हीटर लावणं म्हणजे आगीत तेल. पर कडेने फाटून झिजत असतील तर ती परांची कुज, ती बऱ्याचदा पाणी सुधारल्यावर आपोआप थांबते. आणि वरून पाहिल्यावर खवले उभे राहून मासा सीताफळासारखा दिसत असेल तर ते जलोदराचं लक्षण. खरं सांगायचं तर त्यातून वाचलेले मासे मी फार पाहिले नाहीत.

तुमच्या वर्णनावरून हा इकच, असं धरून मी काय करेन ते सांगतो.

पहिले दोन दिवस औषध नाही, हीटर नाही, खाणंही नाही. गोल्डफिश दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो आणि न खाल्लेला दाणा अमोनियाच वाढवतो. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, खडीतला गाळ नळीने ओढत. तिथेच तर ती कवचं बसलेली असतात. नळी तोंडाने ओढू नका, आणि हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. माशांच्या पाण्यातला एक जिवाणू माणसाच्या कातडीवर महिनोन्‌महिने न भरणारी गाठ आणतो. नवं पाणी अँटिक्लोरीन थेंब घातलेलं हवं, किंवा उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलेलं. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा दोन्ही पाण्यांचं तापमान थर्मामीटरने जुळवा. सगळं पाणी एकदम बदलणं आता पुन्हा नको. आजारी माशाला तो धक्का आजाराइतकाच महाग पडतो.

अमोनिया उतरू लागला की मीठ आणि मग ऊब. हा क्रम उलटा करू नका, कारण पाणी जितकं गरम तितका तोच अमोनिया जास्त विषारी होतो. तुमच्या टाकीचं माप 60 गुणिले 30 गुणिले 30 सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ 54 लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता 45 धरा. लिटरला 2 ग्रॅम या हिशेबाने 90 ग्रॅम साधं खडा मीठ, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. ते 30-30 ग्रॅमच्या तीन वाट्यांत, बारा-बारा तासांनी, आधी मगात विरघळवून घाला. एक चूक फार जण करतात: पाणी बदललं की पुन्हा पूर्ण 90 ग्रॅम. मीठ उडून जात नाही. 15 लिटर काढलं तर 30 ग्रॅमच परत घालायचं, आणि नुसतं आटलेलं पाणी भरताना अजिबात नाही. या मिठाचा आणखी एक फायदा, त्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशाच्या रक्तात कमी शिरतं. झाडं असतील तर ती मात्र बाहेर काढा. सकर (काच चाटणारा मासा) असेल तर लिटरला 1 ग्रॅमवर थांबा.

हीटर 50 वॅटचा पुरे. दिवसाला दोन अंश या बेताने 28 पर्यंत न्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू. घरच्यांनी आवाजाची तक्रार केली तरी. पाण्यात हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढायचा, याला अपवाद नाही.

शेवटचा ठिपका गेल्यावर घड्याळ सुरू होतं. तिथून आणखी सात दिवस मीठ आणि ऊब तशीच ठेवा. मग मीठ पाणी बदलता बदलता आपोआप उतरेल.

त्या निळ्या औषधाचं काय? ते बहुतेक मेथिलीन ब्लू असणार. औषध वाईट नाही, पण ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं, आणि तुमच्याकडे आता तेच नाहीत. वापरायचंच तर वेगळ्या बादलीत, आणि बादली पुन्हा टाकीसाठी वापरायची नाही. चार दिवसांत मिठाने फरक पडला नाही तर मॅलॅकाइट ग्रीनचं औषध, बाटलीवरच्या मात्रेने, फिल्टरमधला कोळसा काढून ठेवून. अन्यथा औषध कोळसाच पिऊन टाकतो. हिशेब 45 लिटरचाच धरा. "दोन फुटीला दहा थेंब" असं कोणी सांगितलं तर विचारा, कुठलं औषध, किती टक्क्यांचं? आणि मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून टाकीत फोडू नका. परजीवीला तिचा उपयोग शून्य, उरलेसुरले जिवाणू मात्र जातील.

रोग आला कुठून? बहुधा माशांबरोबरच. आपल्याकडचे पुष्कळ मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून पिशवीत बंद होऊन येतात, दुकानात गर्दीत राहतात, मग आपल्या पिशवीत. त्यात पुण्याची थंडी, रात्री टाकी गारठली की माशाची ताकद घटते आणि एखाद-दुसरा छुपा ठिपका डोकं वर काढतो. माझ्याकडे दर वर्षी हा रोग दिवाळी ते संक्रांत याच काळात आलाय. गेलेल्या माशाच्या वेळची जाळी आणि बादली कडकडीत उन्हात वाळवा, वाळलं की तो जीव मरतो. आणि वाचत नाही असं वाटलं तरी मासा मुठा नदीत सोडू नका.

चौथ्या माशाबद्दल. 45 लिटरमध्ये एक गोल्डफिश सुखाने राहतो, तीन म्हणजे आत्ताच दाटीवाटी. हे वाढले की मोठी टाकी किंवा मोठं मन असलेला मित्र शोधावा लागेल. तेव्हा चौथा नको. मुलीला त्याऐवजी टेस्ट किट आणून द्या. नळीत थेंब मोजायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबून रंग तक्त्याशी जुळवायचा आणि फ्रिजवर कागद लावून रोजचा आकडा लिहायचा. माझ्या भाचीने तो कागद इतका चोख ठेवला होता की एकदा मी न विचारता मूठभर दाणे जास्त टाकले, ते तिने दुसऱ्या दिवशी आकड्यावरून पकडलं.