रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसते

प्रश्न असा आहे : “‘हल्लेखोराने रिव्हॉल्व्हरचा घोडा दाबला आणि अख्खे मॅगझिन रिकामे केले’ अशी बातमी वाचली. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल एकच का? रिव्हॉल्व्हरला मराठीत ‘सहाबारी’ म्हटले तर चालेल का?”

एवढ्याशा वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही रोज कानावर आदळणाऱ्या. मॅगझिन म्हणजे मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची पेटी. ती स्वयंचलित पिस्तुलाला असते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग पिस्तूल. त्याला मॅगझिन होते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या बसतात सिलिंडरच्या घरांत, आणि तो सिलिंडरच फिरतो. फिरतो म्हणून तर ते नाव.

दुसरी चूक घोड्याची. घोडा म्हणजे आपटून बार उडवणारा मागचा हातोडा. तो दाबत नाहीत, चढवतात. बोटाने दाबायचा तो चाप. बोलीत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी फिरतात आणि कोणीतरी लगेच कोश उघडून दाखवील. दाखवू दे. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा घोळ परवडत नाही, कारण रिव्हॉल्व्हर रुळवणाऱ्या अमेरिकन सॅम्युअल कोल्टची सगळी करामत घोड्यातच आहे. फिरता सिलिंडर त्याच्याआधीही होता. एलिशा कोलिअरने १८१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतलेल्या चकमकीच्या बंदुकीत तो आहे, पण बहुतेक नगांत तो हाताने फिरवावा लागे. कोल्टने १८३५ साली इंग्लंडात आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत पेटंट घेतले, त्यातला गाभा असा : अंगठ्याने घोडा मागे ओढला की आतली खिटी सिलिंडरच्या मागच्या दात्याला ढकलते. सहा घरांचा सिलिंडर असेल तर तो बरोबर ६० अंश फिरतो आणि दुसरी खिटी खाचेत बसून त्याला जखडते. पुढचे घर नळीच्या रेषेत येते. चाप फक्त घोडा सोडतो, बाकी काही करत नाही. जखडणारी खिटी झिजली की घर नळीशी जुळत नाही आणि गोळीचे शिसे सांध्यातून तासून बाहेर उडते.

कोल्ट सोळाव्या वर्षी ‘कॉर्व्हो’ जहाजावरून बोस्टनहून कलकत्त्याला निघाला आणि जहाजाचे चाक पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, तेवढीच पुरे.

आता मुद्द्याचे, म्हणजे माझ्या मते मुद्द्याचे. ‘रिव्हॉल्व्हर’च्या पोटात लॅटिन ‘वोल्व्हेरे’ हे क्रियापद आहे : फिरवणे, गुंडाळणे. त्याचा सख्खा चुलतभाऊ संस्कृत ‘वलते’, म्हणजे वळतो. त्यातूनच वलय, आणि प्राकृतातल्या ‘वलइ’वरून आपले ‘वळणे’. लाडू वळतात, वाती वळतात, दोरी वळतात, गाडी वळते, आणि कोल्टचा सिलिंडरही वळतो. पुणे-मुंबई रस्त्यावर धावणारी ‘व्हॉल्व्हो’ याच घरातली. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी फिरतो’. पाश्चात्त्यांची ‘रिव्होल्यूशन’ही तीच. आपली ‘क्रांती’ मात्र पाऊल टाकण्याच्या ‘क्रम्’ धातूची, तिला या गोतावळ्यात ओढू नये. ‘वेल’ही यातलीच, असे काही उत्साही सांगतात. तिथे द्राविडी दावेदार उभे आहेत, म्हणून मी तो मोह टाळतो. हे सगळे समोर असताना ‘रिव्हॉल्व्हर हा परका, ओबडधोबड शब्द’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मला गंमत वाटते. तो परका नाही, लांबून वळसा घालून आला आहे इतकेच.

खरा पाहुणा ‘पिस्तूल’. तो इंग्रजीतून आला असे सर्रास छापतात. मग ‘त’ कुठून आला? इंग्रजीचा ‘स्ट’ मराठीत ‘स्ट’च राहतो : स्टेशन, स्टोव्ह, स्टूल. पोर्तुगिजांकडून आलेल्या इस्त्री आणि मिस्त्री यांत ‘स्त’ आहे. पिस्तूल त्यांच्या पंगतीतले, पोर्तुगीज ‘पिस्तोला’चे. शेजारचे ‘काडतूस’ही पोर्तुगीजच. बटाटाही पोर्तुगीज, आणि त्यात ‘ट’ आहे, तो आडवा येतो हे मला ठाऊक आहे, पण बटाट्यात ‘स’ नाही.

एकच का? कोल्टच्या काळी होय : त्याचे हत्यार ‘फिरते पिस्तूल’च म्हणवले जाई. १८९० च्या दशकात स्वयंचलित पिस्तुले आली तेव्हा वेगळेपणा सांगायची गरज पडली. आज रिव्हॉल्व्हर म्हणजे सिलिंडरवाले आणि पिस्तूल म्हणजे मॅगझिनवाले, एवढे बातमीदाराने पाळले तरी खूप.

‘सहाबारी’? नको. कोल्टचे पहिले पॅटरसन पाच बारांचे होते आणि सुरुवातीच्या नगांत गोळी ठासायचा दांडा नसल्यामुळे भरण्यासाठी नळी उतरवावी लागे. म्हणून रेंजर, म्हणजे टेक्सासचे घोडेस्वार शिपाई, भरलेले जादा सिलिंडर जवळ ठेवत. जून १८४४ मध्ये टेक्सासात वॉकर्स क्रीकला जॅक हेजच्या पंधराएक रेंजरांनी कितीतरी अधिक कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या स्वारांना हटवले ते या पाचबारींनी. तोवर एक ठासणीची बंदूक भरून होईपर्यंत कोमांची धनुर्धर बाणांचा पाऊस पाडत असे. ज्याला ‘सरहद्द’ म्हणून गौरवतात तो कोमांचींचा राहता मुलूख होता, हेही तिथेच लक्षात ठेवावे. १८४७ चे वॉकर कोल्ट खरे सहाबारी : ०.४४ इंची, दोन किलोंच्या वर वजन, एकेका घरात ६० ग्रेनपर्यंत (सुमारे चार ग्रॅम) दारू. परिणाम, काही सिलिंडर फुटले, आणि धक्क्याने ठासणीचा दांडा खाली पडून हत्यार अडकू लागले. घरांच्या तोंडाशी चरबी नीट लावली नाही तर एका बाराची ठिणगी शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडत.

१८७३ चे प्रसिद्ध ०.४५ इंची कोल्टही सहा घरांचेच. पण त्याच्या घोड्याची टोचणी थेट काडतुसाच्या टिकलीवर टेकते आणि जमिनीवर पडले तरी बार उडू शकतो. म्हणून जाणकार पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवत. रशियन सैन्याचे नागां सात बारांचे, ल मातचा सिलिंडर नऊ घरांचा. आणि दिवाळीत पोरांच्या हातातले, लाल प्लास्टिकच्या चकतीवर आठ टिकल्या लावायचे खेळणे? तेही रिव्हॉल्व्हरच, आणि आठबारी.