डिस्क आपोआप माउंट करायची आहे? वाचकांचे प्रश्न

या अंकात लिनक्सवर डिस्क आपोआप माउंट आणि अनमाउंट करण्याबद्दलचेच (म्हणजे ती फोल्डरशी जोडणं आणि सोडणं) प्रश्न घेतले आहेत. डिस्क जोडताना फारसं कुणाचं अडत नाही. ती जागेवर नसली किंवा काढायची वेळ आली, की मग घोळ सुरू होतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजीत, लहान अक्षरांत टाइप करायची. यूयूआयडी हा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत; आणखी कुठे मोठं अक्षर लागलं तर तिथे सांगितलं आहे.

बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेल्या /ईटीसी/एफएसटॅब फाइलीत) टाकली आहे. ती लावलेली असेल तर सगळं ठीक चालतं. पण डिस्क घरी राहिली की ऑफिसातला संगणक सुरू होताना दीड मिनिट थांबतो आणि मग काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ येतो. (नाशिक)

एफएसटॅबमध्ये लिहिलेली प्रत्येक डिस्क बूट होण्यासाठी आवश्यकच आहे, असं सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) धरून चालतं. म्हणून ते तिची ९० सेकंद वाट बघतं, आणि ती आली नाही की पुढे जायला नकार देतं. ‘ही डिस्क नसली तरी चालेल’ हे तुम्हीच सांगायला हवं. त्यासाठीचा शब्द ‘नोफेल’.

आधी ‘एलएसबीएलके -एफ’ चालवून डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक) उतरवून घ्या. एसडीबी१ सारखं नाव लिहू नका. दुसरा पेनड्राइव्ह लावलेला असताना संगणक सुरू केला, की आजची एसडीबी उद्या एसडीसी होऊ शकते. मग एफएसटॅबमधली ओळ अशी करा:

यूयूआयडी=तुमचा-क्रमांक /एमएनटी/बॅकअप ईएक्सटी४ नोफेल,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५,एक्स-सिस्टिमडी.आयडल-टाइमआउट=६०० ० २

स्वल्पविरामांच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडायची नाही, नाहीतर रकाने सरकतात. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर तिथे उलटा स्लॅश आणि ०४० लिहावं लागतं. त्यापेक्षा नाव सलग ठेवलेलं बरं. ‘ऑटोमाउंट’मुळे बूट होताना डिस्क जोडलीच जात नाही. फोल्डर उघडलं किंवा एखाद्या प्रोग्रॅमनं त्यात हात घातला, की त्या क्षणी ती जोडली जाते. डिस्क नसेल तर ९० ऐवजी ५ सेकंदांत चूक दाखवून विषय संपतो. ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं, कुणी वापरली नाही तर ती आपोआप सुटते. अनेक ठिकाणी या ओळीत ‘नोऑटो’ही घातलेलं दिसतं. ऑटोमाउंट असताना त्याचा काहीच परिणाम होत नाही.

फाइल जतन केल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा, टंकनाच्या चुका तिथेच सापडतात. मग ‘सिस्टिमसीटीएल डेमन-रिलोड’ आणि ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट एमएनटी-बॅकअप.ऑटोमाउंट’. हे डेमन-रिलोड बरेच जण विसरतात आणि जुन्याच ओळीशी झगडत बसतात.

आत्ता संगणक इमर्जन्सी मोडमध्येच अडकला असेल तर रूटचा पासवर्ड देऊन आत जा. मूळ विभाग फक्त वाचण्यापुरता जोडलेला असेल तर ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या आणि एफएसटॅबमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका. रूटला पासवर्डच दिलेला नसेल तर काही वितरणं इथूनही आत सोडत नाहीत. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून फाइल दुरुस्त करणं हाच मार्ग.

दहा मिनिटं होऊनही डिस्क सुटत नसेल तर कुणीतरी तिला सारखं हात लावतंय असं समजा. बहुतेक वेळा तो फाइलींची सूची करणारा प्रोग्रॅम असतो: ग्नोममध्ये ट्रॅकर (नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव लोकलसर्च), केडीईमध्ये बालू. त्यांच्या यादीतून हे फोल्डर वगळा. अपडेटडीबी (फाइली शोधण्यासाठी यादी बनवणारा प्रोग्रॅम) चालत असेल तर त्याच्या कॉन्फ फाइलमधल्या प्रूनपाथ्समध्येही (हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो) ते घाला.

रोज रात्री आरसिंकनं (फाइलींच्या प्रती घेणाऱ्या प्रोग्रॅमनं) बॅकअप होतो आणि ‘यशस्वी’ अशी नोंदही पडते. डिस्क तपासली तर ती रिकामी, आणि संगणकाचा मूळ विभाग मात्र गच्च भरलेला. (कोल्हापूर)

तुमची डिस्क जोडलेलीच नव्हती. /एमएनटी/बॅकअप हे मुळात मूळ विभागावरचं साधं रिकामं फोल्डर आहे. डिस्क माउंट झाली की ते झाकलं जातं, नसली की उघडं पडतं. आरसिंकला हा फरक कळत नाही, त्यानं बिचाऱ्यानं सगळं त्या फोल्डरात ओतलं. डिस्क जोडल्यावर तो ढीग दिसत नाही, म्हणून जागा कुठे गेली तेही कळत नाही. डिस्क अनमाउंट करून त्या फोल्डरात बघा, सगळं तिथे सापडेल. पुसण्याआधी ‘फाइंडएमएनटी -टी /एमएनटी/बॅकअप’ (इथला टी मात्र मोठा) देऊन आपण नक्की कोणत्या डिस्कवर आहोत याची खात्री करा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून डिस्क सोडलेली असताना ‘सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/बॅकअप’ द्या. यानंतर रिकाम्या फोल्डरात रूटलाही काही लिहिता येत नाही. त्यावर डिस्क माउंट करायला मात्र काही अडचण येत नाही. पहिल्या उत्तरातली ऑटोमाउंटची पद्धत वापरलीत तरी हे संकट टळतं, कारण डिस्क नसेल तर फोल्डरात शिरतानाच चूक येते.

स्क्रिप्टमध्ये ‘माउंटपॉइंट -क्यू’ची तपासणी घालावी असं सगळीकडे सांगितलं जातं. साध्या माउंटसाठी ते ठीक आहे. ऑटोमाउंटसाठी ते फसवं आहे: डिस्क नसतानाही त्या जागी ऑटोएफएस (मागितल्यावरच डिस्क जोडणारी यंत्रणा) स्वतः बसलेलं असतं, त्यामुळे उत्तर ‘होय’ येऊ शकतं. त्यापेक्षा डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवा, समजा .डिस्क-आहे या नावाची, आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ती सापडते का ते बघा. ती शोधायला गेलं की डिस्क जोडली जाते आणि खात्रीही होते.

याचीच उलटी बाजू जास्त भयंकर आहे. ज्या डिस्कवरून प्रत घ्यायची तीच जोडलेली नसेल आणि आरसिंकला ‘--डिलीट’ दिलेलं असेल, तर ‘मुळात काहीच नाही’ असं समजून तो बॅकअपही साफ करतो. खुणेची फाइल दोन्हीकडे ठेवा.

कॉलेजच्या लॅबमध्ये ४० संगणक आहेत. मुलांची होम फोल्डरं एनएफएस सर्व्हरवर (नेटवर्कवरून फोल्डर देणाऱ्या संगणकावर) ठेवून कुठल्याही संगणकावर ती मिळावीत असं हवं आहे. प्रत्येक ठिकाणी एफएसटॅबमध्ये शेकडो ओळी लिहायच्या का? (अमरावती)

नाही. हे काम ऑटोएफएसचं आहे, आणि त्याला दोनच ओळी लागतात. /ईटीसी/ऑटो.मास्टर मध्ये:

/विद्यार्थी /ईटीसी/ऑटो.विद्यार्थी --टाइमआउट=३००

आणि ऑटो.विद्यार्थी या फाइलीत:

* -एफएसटाइप=एनएफएस४,आरडब्ल्यू,हार्ड सर्व्हर:/एक्स्पोर्ट/होम/&

चांदणी म्हणजे ‘जे नाव मागितलं जाईल ते’, आणि & च्या जागी तेच नाव जाऊन बसतं. एखाद्या मुलानं लॉगिन केलं की त्याचंच फोल्डर जोडलं जातं आणि काम थांबल्यावर पाच मिनिटांनी सुटतं. खात्यांमध्ये होम फोल्डरचा पत्ता बदलून /विद्यार्थी/नाव असा करायला विसरू नका. (फोल्डरला ‘विद्यार्थी’ हे नाव उदाहरणापुरतं आहे.)

मास्टर फाइलीत थेट /होम लिहायचा मोह होतो. लिहू नका. ऑटोएफएस तो पूर्ण फोल्डर ताब्यात घेतं, आणि संगणकावरच्या स्थानिक ॲडमिन खात्याचं होम त्याखाली गडप होतं. सर्व्हर बंद पडला की दुरुस्तीसाठी लॉगिन करायलाही तुमची पंचाईत.

फोल्डर उघडून आत काहीच दिसत नाही अशी तक्रार हमखास येईल. तो दोष नाही. चांदणीच्या ओळीत नावांची यादीच नसते, त्यामुळे दाखवायला काही नसतं. पूर्ण पत्ता टाइप केला की फोल्डर हजर होतं.

दुसरी एक अडचण फार कमी जणांना माहीत असते. ऑटो.विद्यार्थी या फाइलीला चालवण्याची परवानगी असेल, तर ऑटोएफएस तिला यादी न समजता प्रोग्रॅम समजून चालवायला जातं आणि काहीच जोडलं जात नाही. फाइल पेनड्राइव्हवरून ४० ठिकाणी नेली असेल तर ही परवानगी तिला नकळत चिकटलेली असते, कारण फॅट (पेनड्राइव्हवर नेहमी असणाऱ्या मांडणीच्या) विभागावर लिनक्सच्या परवानग्या टिकतच नाहीत. ‘सीएचमॉड ६४४’ देऊन टाका. तरीही अडलं तर सेवा थांबवून ‘ऑटोमाउंट -एफ -व्ही’ हाताने चालवा. काय बिनसलं ते पडद्यावरच वाचता येतं.

विद्यार्थ्यांचे यूआयडी (खात्यांचे क्रमांक) सगळ्या संगणकांवर एकच हवेत, नाहीतर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतील. आणि सर्व्हर बंद पडला की ‘हार्ड’मुळे प्रोग्रॅम गोठतात, म्हणून कुणीतरी ‘सॉफ्ट’ सुचवेल. तिथे लिहिण्याचं काम होत असेल तर ऐकू नका. गोठलेला प्रोग्रॅम सर्व्हर परत आला की पुढे चालू होतो. सॉफ्टमध्ये मात्र लिहिणं मध्येच सोडून दिलं जातं आणि फाइल अर्धवट राहते.

पेनड्राइव्हवर सिनेमा कॉपी केला तर काही सेकंदांत ‘पूर्ण’ दाखवतं, पण काढायला गेलं की कित्येक मिनिटं थांबावं लागतं. कधी ‘टार्गेट इज बिझी’ येतं. सरळ उपटला तर काय बिघडेल? (ठाणे)

फाइल अर्धी राहील, आणि वाईट वेळ असेल तर पेनड्राइव्हवरच्या फाइलींची अख्खी यादीच बिघडेल. ‘पूर्ण’ झालं ते रॅममध्ये. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवतं, आणि मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साठू देतं. १६ जीबी रॅम असेल तर सुमारे ३ जीबी सहज साठतं. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी वेगानं लिहीत असेल, तर तेवढं उतरायला सहा मिनिटांहून जास्त लागणारच. /प्रॉक/मेमइन्फो मधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी बघत राहा, आकडे उतरताना दिसतील. ही साठवण कमी ठेवायची असेल तर /ईटीसी/सिससीटीएल.डी मधल्या एखाद्या .कॉन्फ फाइलीत व्हीएम.डर्टी_बाइट्स=६७१०८८६४ लिहा, म्हणजे ६४ एमबी. मग कॉपीची पट्टी खरं बोलायला लागते. पेनड्राइव्ह ‘सिंक’ पर्यायानं माउंट करू नका. वेग रांगायला लागतो आणि फॅटच्या त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा लिहून फ्लॅश झिजते.

‘बिझी’ आलं तर ‘फ्यूझर -व्हीएम’ आणि पुढे फोल्डरचा पत्ता द्या. यादीत प्रोग्रॅमसमोर ‘सी’ अक्षर दिसलं तर तो प्रोग्रॅम त्या फोल्डरात नुसता उभा आहे. बहुतेक वेळा ते तुमचंच टर्मिनल असतं. ‘सीडी’ देऊन बाहेर या, काम झालं. ‘यूमाउंट -एल’ मात्र फसवं आहे. त्यानं नाव तेवढं पुसलं जातं, उघड्या फाइलींवर लिहिणं मागे चालूच राहतं. शेवटी ‘यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी’ आणि पुढे पेनड्राइव्हचं डिव्हाइस-नाव देऊन वीज तोडली की निर्धास्तपणे काढा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. सामायिक एनटीएफएस (विंडोजच्या मांडणीचा) विभाग आपोआप माउंट होतो, पण त्यावर काही लिहिता येत नाही. (पणजी)

विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना शटडाउन म्हणजे खरं तर अर्धी झोप असते आणि विभाग उघडाच राहतो. विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या. रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलात तर ही अडचण येत नाही, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. मध्येच लाइट जाऊन संगणक बंद पडला असेल तर विंडोजमध्येच ‘सीएचकेडीएसके /एफ’ चालवा. लिनक्समधून जबरदस्तीनं माउंट करू नका. एफएसटॅबमध्ये यूआयडी=१०००,जीआयडी=१००० घाला, कारण एरवी फाइलींची मालकी रूटकडे जाते. शेवटचे दोन रकाने ० ०.

पेनड्राइव्ह लावताच माउंट व्हावा म्हणून यूडेव्हच्या (उपकरण लावलेलं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नियमात ‘माउंट’ आज्ञा लिहिली. आज्ञा चालते, चूक येत नाही, पण फोल्डर रिकामंच. (पुणे)

यूडेव्ह स्वतःच्या वेगळ्या माउंट-नेमस्पेसमध्ये (म्हणजे जोडलेल्या डिस्कच्या वेगळ्या यादीत) चालतं. तिथे जोडलेलं तुम्हाला दिसत नाही. नियमात माउंटऐवजी ‘सिस्टिमडी-माउंट --नो-ब्लॉक’ वापरा. पूर्ण डेस्कटॉप नसलेल्या विंडो मॅनेजरवर असाल तर हा खटाटोप न करता यूडिस्की (पेनड्राइव्ह आपोआप जोडणारा प्रोग्रॅम) बसवा.